पट्टी गाडीची नव्हे, ब्लॉकची

१९६९ सालची कमारो, रंग चकचकीत, कागदांवर ३५० घनइंचांचं व्ही-एट इंजिन. मालक अमेरिकेतल्या दुकानाला ‘१९६९ कमारो, ३५०’ एवढंच कळवून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, आणि तिची नळी मागवतो. पार्सल येतं, मिस्त्री नळी घेऊन वाकतो, तर ब्लॉकला त्या जागी भोकच नाही. भोक आहे ते इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला. दुकानदाराने माल बरोबरच पाठवलेला असतो. बॉनेटखालचं इंजिन तेवढं १९६९ चं नसतं.

शेवरलेटच्या ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनाच्या बाबतीत असं वारंवार घडतं आणि त्याचं कारण या इंजिनाच्या गुणातच आहे. १९५५ च्या मॉडेलबरोबर ते आलं तेव्हा २६५ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचं होतं. मग २८३, ३२७, ३५०, ४०० अशी भावंडं आली, पण बाहेरचा साचा जवळपास तोच राहिला. त्यामुळे एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत सहज बसतं. पन्नास वर्षांत दोन-तीन मालक आणि तितकीच इंजिनं पाहिलेली गाडी ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा गाडीचं साल सांगून सुटा भाग मागवणं म्हणजे जुगारच.

१९७९ पर्यंतच्या ब्लॉकवर डिपस्टिक डावीकडे असते, १९८० पासून ती उजवीकडे गेली. डावं-उजवं ठरवायचं ते गाडीत बसून पुढे बघताना. अमेरिकी कॅटलॉगमध्ये मात्र ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘पॅसेंजर साइड’ असंच छापलेलं असतं. तिथला ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपला उजवीकडे. मुंबई-पुण्यातून ऑर्डर देणाऱ्याने हे विसरून ‘ड्रायव्हर साइड’वर खूण केली की परत पाठवण्याचा खर्च त्याच्याच माथी.

बाजू बदलली की चेंबरही बदलतो. गॅरेजात ज्याला चेंबर म्हणतात त्या ऑइल पॅनला, पट्टी जिथून खाली उतरते तिथे फुगवटा दिलेला असतो. जुन्या ब्लॉकखाली १९८० नंतरचा चेंबर बसवला तर फुगवटा एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे अशी गत होते. शिवाय चेंबरच्या पुढच्या टोकाचं सील १९७५ पासून जाड झालं आणि १९८६ पासून क्रँकच्या मागचं सील दोन तुकड्यांऐवजी अखंड आलं. त्यामुळे ‘स्मॉल ब्लॉकचा चेंबर’ एवढ्या वर्णनावर चेंबर घेऊ नये.

मग साल कळायचं कसं? ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेवर, ओतकामाचा नंबर उठवलेला असतो. ग्रीस आणि काजळी खरवडली की दिसतो. ३९७००१० हा सत्तरच्या दशकातला फार आढळणारा ब्लॉक, पट्टी डावीकडे. १४०१०२०७ हा ऐंशीच्या दशकातला, पट्टी उजवीकडे. त्याच भागात तारखेची खूणही असते: महिन्यासाठी इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग सालाचा बहुधा शेवटचा एकच आकडा. ‘सी १४ ०’ म्हणजे १४ मार्च, पण १९७० की १९८०? डिपस्टिकच्या बाबतीत नेमका हाच फरक महत्त्वाचा, म्हणून तारखेबरोबर ओतकामाचा नंबर वाचल्याशिवाय निकाल लावू नये.

बाजू जुळली म्हणजे काम फत्ते, असं समजणारे पुष्कळ असतात. खरी फसगत त्यापुढे आहे. पट्टी टेकते ती नळीच्या वरच्या तोंडावर. त्या तोंडापासून ‘फुल’च्या खुणेपर्यंतचं अंतर कारखान्याने त्या नळीच्या लांबीवरून ठरवलेलं असतं. नळी दोन इंच आखूड निघाली की पट्टी दोन इंच जास्त खोल बुडते आणि ऑइल कमी असतानाही ‘फुल’ दाखवते. मालक निर्धास्त. जोरात ब्रेक मारला की ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि मार बसतो बेअरिंगांना. नळी लांब असेल, किंवा ठोकताना तिचा कंगोरा ब्लॉकला टेकेपर्यंत आत गेलीच नसेल, तर उलट घडतं. पट्टी वर राहते, ऑइल कमी दाखवते, मालक ओततच राहतो. पातळी क्रँकच्या वजनांपर्यंत चढली की ती ऑइल घुसळून त्याचा फेस करतात. फेसाळलेल्या ऑइलने प्रेशर टिकत नाही.

बाजारातल्या क्रोमच्या झगमगीत नळ्यांबद्दल म्हणूनच जरा संशय बाळगावा. दिसायला झकास, लांबी मात्र कुठल्या चेंबरला धरून ठेवली आहे याचा पाकिटावर पत्ता नसतो.

यावर उपाय स्वस्त आहे: मोजून ओतलेलं ऑइल. नेहमीच्या ३५० च्या चेंबरमध्ये चार क्वार्ट आणि फिल्टरमध्ये एक, असं मिळून पाच क्वार्ट, म्हणजे सुमारे ४.७ लिटर ऑइल बसतं. काही कॉर्व्हेटचे चेंबर याहून मोठे असतात, तेव्हा आपल्या चेंबरचं माप आधी पाहावं. गाडी सपाट जागी उभी करून सगळं ऑइल काढावं, नवा फिल्टर लावून चार क्वार्ट भरावं. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावं, ऑइल खाली उतरू द्यावं आणि पट्टी पूर्ण टेकवून बघावी. ऑइल जिथे लागलं तिथे ‘भरा’ची खूण. पाचवा क्वार्ट ओतून पुन्हा तेच केलं की ‘फुल’ची खूण मिळते. खूण कानशीने हलकीच करावी, खोल खाच पाडली तर पट्टी तिथेच तुटण्याची भीती. पट्टीवर ओरखडे किंवा घासल्याची चमक दिसली, तर ती आत कशाला तरी लागते आहे. तशी वापरू नये.

फोर्डची तऱ्हा वेगळी. साठच्या दशकातल्या मस्टँगच्या २८९ इंजिनात पट्टी ब्लॉकमधून नव्हे, तर पुढच्या टायमिंग कव्हरमधून खाली जाते. कव्हर बदलताना भोक असलेलंच मागावं.

आपल्याकडच्या हौशी मालकांसाठी एक बाब. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली गाड्यांची जोडणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती थांबवली. स्मॉल ब्लॉकचा जमाना त्यानंतरचा. म्हणजे शिवडीच्या एखाद्या जुन्या शेवरलेटमध्ये आज हे व्ही-एट दिसलं, तर ते नंतर कुणीतरी बसवलेलं आहे. अशा गाडीच्या आरसी बुकातलं साल पट्टी मागवताना मुळीच कामाचं नाही. ब्लॉकचा नंबर, चेंबरचं माप आणि पट्टीची बाजू, या तिन्ही गोष्टी कळवूनच पट्टी आणि नळी जोडीने मागवा. पुढच्या आठवड्यात ऑइल पंप आणि त्याची जाळी.