टपालाने येणारी कर्करोग-तपासणी

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील पॉलिप नावाच्या लहान गाठीतून अनेक वर्षांत हळूहळू वाढतो आणि त्यातून झिरपणारे रक्त डोळ्यांना दिसत नसले तरी मळात सापडू शकते. लक्षणे नसलेल्या माणसांची सरसकट तपासणी, म्हणजेच स्क्रीनिंग, याच तत्त्वावर उभी आहे. नॉटिंगहॅम येथील अभ्यासाने 1996 मध्ये अशा तपासणीमुळे या रोगाचे मृत्यू सुमारे 15 टक्क्यांनी घटल्याचे दाखवले आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2006 पासून घरोघरी टपालाने संच पाठवण्यास सुरुवात केली.

पूर्वी तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने कार्डावर लावावे लागत, आणि ही खटपट अनेकांना नकोशी वाटे. 2019 मध्ये आलेल्या ‘फिट’ चाचणीत काडीने एकदाच कणभर नमुना घेऊन तो कुपीत घालायचा असतो. प्रतिपिंडांच्या, म्हणजे विशिष्ट प्रथिन ओळखणाऱ्या रेणूंच्या, साहाय्याने ती केवळ मानवी हिमोग्लोबिन शोधत असल्याने आहारातील मांसाचा तिच्यावर परिणाम होत नाही. एवढ्या साध्या बदलाने सहभाग वाढला, ही फार मोलाची गोष्ट आहे.

रक्त आढळले म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे, कारण ते मूळव्याधीतूनही येते. म्हणून पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या लवचीक नळीने आतड्याची पाहणी, केली जाते आणि त्याच वेळी पॉलिप काढताही येतात. एका तपासणीत रोग निसटू शकतो, म्हणून इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयोगटाला संच दर दोन वर्षांनी येतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी ज्येष्ठांनी तो संकोचाने बाजूला ठेवू नये, आणि शौचातून रक्त गेल्यास किंवा वजन अकारण घटल्यास संचाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.