अक्षता पडतात तिथे पिक्चर फुटतं

लग्नाचा व्हिडिओ तपासायला घेतला की मी आधी अक्षता पडतात तो क्षण उघडतो. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते आणि चारी बाजूंनी अक्षता उडतात. दीड-दोन सेकंद पडद्यावर शेकडो रंगीत दाणे, प्रत्येकाची दिशा आणि वेग वेगळा. फाइल बनवताना कुठे काटकसर झाली असेल तर ती इथे उघडी पडते. नवरीच्या चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे उमटतात आणि अक्षतांच्या जागी लालसर-पिवळा चिखल दिसतो.

१०८०पीचं, सेकंदाला २५ फ्रेमचं चित्र अजिबात न दाबता साठवायचं म्हटलं, तर सेकंदाला ६०० मेगाबिटच्या वर जागा लागते. अनेक कॅमेरे ते ५० मेगाबिटच्या आसपास आणतात. एच.२६४सारखा कोडेक मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण लिहितो. बाकीच्यांत काय सरकलं आणि काय बदललं एवढंच नोंदवतो. गुरुजी बसून मंत्र म्हणतायत, मागची सजावट जागच्या जागी आहे, तिथे थोड्या बिटांत भागतं. अक्षता उडाल्या की आधीच्या फ्रेममधलं फारसं काही पुढच्या फ्रेमला उपयोगी पडत नाही. एन्कोडरला एकदम भरपूर बिट लागतात. ते मिळाले नाहीत की तो बारीक तपशील टाकून देतो आणि १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन डोळ्यांना दिसू लागतात.

नुकताच एडिटिंगला लागलेला एक मुलगा हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आला होता. पार्टीचा फोन आला होता, “दादा, टीव्हीवर पिक्चर फुटतंय.” त्याने शार्पनेस वाढवून पुन्हा एक्स्पोर्ट केलं. मग १०८०पीचं फोर-के करून पाहिलं. पिक्चर आणखी बिघडलं, आणि ते बिघडणारच होतं. शार्पनेसने बारीक रेघा वाढतात, फोर-केने पिक्सेल चौपट होतात आणि बिटरेट तेवढाच राहतो.

दोष कुठे शिरला हे कळल्याशिवाय एक्स्पोर्टच्या सेटिंगला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आम्ही अक्षतांची एकच फ्रेम धरली आणि कार्डावरची मूळ क्लिप, टाइमलाइन आणि पेनड्राइव्हवरची फाइल अशा तिन्ही ठिकाणी ती १०० टक्क्यांवर पाहिली. चित्र ‘फिट’वर असलं की लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर दोष लपतात, उलट प्लेबॅक पाव रिझोल्यूशनवर असेल तर चांगली क्लिपही धुरकट दिसते. दोन्ही आधी नीट करून घेतलं. मूळ क्लिपमध्ये दाणा न् दाणा सुटा होता. टाइमलाइनवरही तसाच. पेनड्राइव्हवर चिखल.

कारण पेनड्राइव्हमध्येच निघालं. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तीन तासांची फिल्म एकाच फाइलमध्ये हवी, म्हणून त्याने बिटरेट खाली आणत आणत सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिटवर नेला होता. यूट्यूबसुद्धा १०८०पीचा साधा व्हिडिओ अपलोड करताना ८ मेगाबिट सुचवतं. पेनड्राइव्ह एक्सफॅट केला असता तर अडचण सुटली असती, पण काही जुने टीव्ही तो वाचत नाहीत. म्हणून आम्ही फिल्मचे विधीप्रमाणे पाऊण-पाऊण तासाचे भाग पाडले. १२ मेगाबिटने असा एक भाग ४ जीबीत बसतो. एन्कोडिंग व्हेरिएबल बिटरेट, दोन पासचं ठेवलं. पहिल्या पासमध्ये एन्कोडर अख्खा भाग तपासतो आणि दुसऱ्यात शांत पूजेतून वाचलेले बिट अक्षतांकडे वळवतो. दाणे पुन्हा सुटे झाले.

मंगळसूत्राचा क्लोजअप मात्र टाइमलाइनवरच मऊ दिसत होता. तो शॉट फोर-केमध्ये घेतलेला, टाइमलाइन १०८०पीची. प्रीमिअर प्रोमध्ये त्याने क्लिपला ‘स्केल टू फ्रेम साइझ’ लावलं होतं. त्याने चित्र आधी १९२० बाय १०८०वर उतरतं आणि नंतर झूम केला की तेच लहान झालेलं चित्र ताणलं जातं. ‘सेट टू फ्रेम साइझ’ केलं की स्केल फक्त ५० टक्के होतो, मूळ पिक्सेल हाताशी राहतात आणि १०० टक्क्यांपर्यंत बिनधास्त झूम करता येतो. एवढा एक बदल करताच काळे मणी वेगळे दिसले.

हायलाइट्सही त्याने टाइमलाइनवरून काढल्या नव्हत्या, पेनड्राइव्हच्या फाइलवरून कापल्या होत्या. ही झेरॉक्सची झेरॉक्स. पाहुण्यांच्या मोबाइलच्या क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्या तर त्याही दाबलेल्याच येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. मोबाइलचं ३० फ्रेमचं शूटिंग २५च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सहावी फ्रेम गळते आणि चाल अडखळते. बिटरेट कितीही वाढवला तरी ते अडखळणं जात नाही.

एक दोष मात्र एडिटरच्या हातात नसतो. बरेच कॅमेरे दर चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना ठेवतात, त्यामुळे लाल शालूचा रंग कडेला जरीवर सांडल्यासारखा दिसतो. हे मूळ क्लिपमध्येच असतं. पार्टीला तसं स्पष्ट सांगावं, खोटी आशा दाखवू नये.

ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना एक विनंती. पेनड्राइव्हवर समाधान मानू नका. स्टुडिओला स्वतःची हार्ड डिस्क द्या आणि मूळ फुटेजबरोबर मास्टर फाइल मागून घ्या. प्रोरेस ४२२मध्ये, १०८०पी आणि २५ फ्रेमवर, बिटरेट सेकंदाला १२२ मेगाबिटच्या आसपास असतो, म्हणजे तीन तासांची फिल्म साधारण १६५ जीबीची. एक टीबीच्या डिस्कवर ती आरामात मावते आणि उद्या टीव्ही बदलला, तरी त्याला लागेल तशी नवी फाइल तिच्यावरून काढता येते.