मानेतील ग्रंथी आणि हृदयाचा ठोका

आमच्या आदिलाबादेत मुतखडा म्हटला, की दोष जातो तो उन्हाळ्याला आणि पाणी कमी पिण्याला. बहुधा तो खराही असतो. परंतु खडा काढावा आणि पुन्हा व्हावा, जोडीला हाडे दुखावीत, किरकोळ आघाताने हाड मोडावे, असे घडू लागले तर रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. कधीकधी या साऱ्याचे मूळ मानेत असते.

गळ्यातील अवटू ग्रंथीच्या पाठीमागे मसुरीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. गंमत अशी, की त्या प्रथम आढळल्या एका भारतीय गेंड्याच्या देहात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या त्या गेंड्याचे विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केले होते. रक्तातील कॅल्शियमचा तोल राखणे हे या ग्रंथींचे काम. त्यांपैकी एखादी वाढून अनावर झाली, की ती हाडांतील कॅल्शियम ओढून रक्तात आणते. अशी ग्रंथी काढण्याची पहिली शल्यक्रिया व्हिएन्नात फेलिक्स मांड्ल यांनी १९२५ मध्ये केली.

याचा हृदयाशी काय संबंध? सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले, की कॅल्शियमवाचून बेडकाचे हृदय आकुंचन पावत नाही. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम पेशीत शिरावे लागते आणि हृदय सैल पडण्यासाठी ते आवरलेही जावे लागते. रोग वर्षानुवर्षे राहिला, तर काही रुग्णांत डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, ती नीट सैलावत नाही. झडपांवर कॅल्शियमचे थर बसू शकतात.

शल्यक्रियेनंतर ही जाडी काही रुग्णांत उतरते; सर्वांत नव्हे. रक्तदाब मात्र पूर्ववत होईलच असे नाही, म्हणून त्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. रोग सौम्य असेल तर केवळ हृदयासाठी शल्यक्रिया सुचवीत नाहीत. खडे, विरळ झालेली हाडे, फार वाढलेले कॅल्शियम ही तिची खरी कारणे.

आता आपल्या गावच्या अडचणीची गोष्ट. शल्यक्रियेसाठी नागपूर गाठावे तर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००. जखम लहान असते, रुग्ण लवकर घरी सोडला जातो. पण उपाशी हाडे आता रक्तातले कॅल्शियम अधाशीपणे परत शोषू लागतात आणि ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत खाली जाते. म्हणजे नेमके आपण परतीच्या एस.टी.त किंवा घरच्या ओसरीवर असताना. ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, हातपाय आखडतात, ई.सी.जी.त ठोक्याची विद्युत्‌लय लांबते. फार खाली गेले तर लय बिघडण्याचा धोका असतो. मुंग्यांना ‘अशक्तपणा’ म्हणून झोपून राहण्याची आपली सवय येथे महाग पडते.

म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वी कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किती व केव्हा घ्यायच्या ते लिहून घ्यावे, पुढची रक्ततपासणी कोणत्या दिवशी ते ठरवून घ्यावे, आणि मुंग्या वाढल्या, आकडी आली किंवा धडधड झाली तर वाट न पाहता आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठावे. सोबत शल्यक्रियेचा कागद न्यावा. तो घरी राहिला तर मुंग्यांचे कारण शोधण्यातच वेळ जातो.