सेलमधलं पॉवर स्टेशन घेताना

पॉवर स्टेशन म्हणजे उचलून नेता येणारा बॅटरी-इन्व्हर्टर. त्याच्या जाहिरातीत ‘१,००,००० एमएएच’ ठळक छापलेलं असतं. हा आकडा बहुतेकदा बॅटरीतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. हिशेब केला की हाती येतात ३७० वॅट-तास. त्यातले साधारण १५ टक्के इन्व्हर्टरच खातो. म्हणजे ७५ वॅटचा छताचा पंखा चालणार चारेक तास. एका वेळी किती भार ओढता येईल, हे वॅटवरून कळतं. ३०० वॅटच्या यंत्राला ५०० वॅटचा मिक्सर झेपत नाही. बॅटरी शक्यतो लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या: ती हजारो वेळा चार्ज होते आणि सहसा पेट घेत नाही. परदेशातून मागवलेला माल ११० व्होल्टचा निघू शकतो, आपल्याला २३० हवेत. भारतात दुरुस्तीची सोय नसेल, तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.