फक्त १६ मॅच खेळलेला डिफेंडर किती चांगला? फोनवरचं रेटिंग हे का सांगू शकत नाही

जुलै २०१९. मी नुकताच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आलो होतो आणि बातमी आली की आर्सेनलने विल्यम सलिबा नावाच्या १८ वर्षांच्या फ्रेंच सेंटर बॅकसाठी सुमारे २ कोटी ७० लाख पाऊंड मोजले. हॉस्टेलवर आम्ही चौघं आर्सेनलवाले. चौघांनीही पहिलं काम एकच केलं. फोन काढला, स्कोअरच्या अ‍ॅपमध्ये नाव टाकलं. सेंट-एतिएनकडून फ्रेंच लीगमध्ये खेळलेल्या मॅच: १६. बस्स.

मी तर पुढे जाऊन त्याचे टॅकल, इंटरसेप्शन आणि जिंकलेल्या ड्युएल एक्सेलमध्ये भरल्या, लीगमधल्या इतर सेंटर बॅकशी तुलना केली आणि ग्रुपवर जाहीर करून टाकलं की पोरगा ठीकठाक आहे, पैसे पाण्यात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढची तीन वर्षं तो आर्सेनलच्या मुख्य टीमकडून एकही स्पर्धात्मक मॅच खेळला नाही, त्यामुळे मला मी फार हुशार वाटत होतो. मग २०२३-२४ आलं. सलिबा प्रीमियर लीगच्या ३८ पैकी ३८ मॅच खेळला, एकही मिनिट बाहेर न बसता, आणि त्या सीझनमध्ये आर्सेनलने फक्त २९ गोल खाल्ले.

माझी ती शीट अजून ड्राइव्हवर पडून आहे. आता रोज डेटावरच काम करतो, तर एकदा उघडून बघितली. गणितात चूक नव्हती. पण दोन गोष्टी मला तेव्हा कळतच नव्हत्या. आज तुम्ही फोनवर एखाद्या नव्या डिफेंडरचं ७.४ रेटिंग बघून "हा पुढचा व्हॅन डाइक" म्हणता तेव्हा त्याच दोन गोष्टी आड येतात.

आधी सोपी गोष्ट: १६ मॅच म्हणजे किती कमी?

समजा एका डिफेंडरची खरी कुवत अशी आहे की तो १०० पैकी ६० ड्युएल जिंकतो. ड्युएल म्हणजे समोरासमोरची झटापट, जमिनीवरची किंवा हवेतली. मॅचमागे ६ ड्युएल धरल्या तर १६ मॅचमध्ये झाल्या ९६. आता निव्वळ नशिबामुळे त्याचा आकडा किती हलेल? कॉलेजात स्टॅटिस्टिक्स असेल तर सूत्र आठवेल: ०.६ गुणिले ०.४, भागिले ९६, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ०.०५, म्हणजे ५ टक्के. याच्या दुप्पट इकडे, दुप्पट तिकडे. थोडक्यात, ६० टक्क्यांचा हा मुलगा अ‍ॅपवर ५० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत कुठेही दिसू शकतो, आणि त्यात त्याने वेगळं काहीच केलेलं नसेल. ५० वाला फ्लॉप, ७० वाला स्टार. माणूस एकच.

आणि १६ ऐवजी तीनच मॅच असतील तर ड्युएल होतात १८, आणि पट्टा पसरतो साधारण ३७ ते ८३ पर्यंत. त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

यावरचा उपाय तुम्ही रोज नकळत वापरता. ऑनलाइन हेडफोन घेताना एकाला ५ स्टार आहेत पण रिव्ह्यू तीनच, दुसऱ्याला ४.४ आणि रिव्ह्यू दोन हजार. घेता कुठला? दुसरा. कारण तीन रिव्ह्यूंवर तुमचा विश्वास नसतो, म्हणून डोक्यातल्या डोक्यात तुम्ही त्या ५ ला खाली ओढता. स्टॅटिस्टिक्समध्ये या ओढण्याला श्रिंकेज म्हणतात. ते हाताने करायचं असेल तर प्रत्येक खेळाडूच्या खात्यात काही काल्पनिक, सरासरी दर्जाच्या ड्युएल आधीच जमा करायच्या.

उदाहरणासाठी लीगची सरासरी ६० टक्के धरू, आणि प्रत्येकाला ५० ड्युएल फुकट देऊ, ज्यातल्या ३० जिंकलेल्या. पहिला मुलगा तीन मॅच खेळलाय, १८ पैकी १५ ड्युएल जिंकल्या, म्हणजे ८३ टक्के. दुसरा १६ मॅच खेळलाय, ९६ पैकी ६८ जिंकल्या, म्हणजे ७१ टक्के. अ‍ॅपवर पहिला खूप पुढे. आता फुकटच्या ड्युएल मिळवा. पहिला: ६८ पैकी ४५, साधारण ६६ टक्के. दुसरा: १४६ पैकी ९८, साधारण ६७ टक्के. क्रम उलटला! ५० हा आकडा मी समजावण्यासाठी घेतलाय. खऱ्या कामात तो लीगच्या जुन्या डेटावरून काढतात. पण फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे दोन मिनिटांत होतं, आणि निम्मी भांडणं मिटतात.

मी २०१९ मध्ये एवढं जरी केलं असतं तरी "ठीकठाक आहे" असं न लिहिता "अजून सांगता येत नाही" असं लिहिलं असतं.

आता अवघड गोष्ट: आपण मोजतोय ते डिफेंडरचं काम आहे का?

तुमच्या अ‍ॅपमधले आकडे येतात कुठून? ऑप्टासारख्या कंपन्यांची माणसं मॅच बघत बघत प्रत्येक घटना नोंदवतात: पास, शॉट, टॅकल, क्लिअरन्स. एका मॅचमध्ये अशा साधारण दोन हजार नोंदी. याला इव्हेंट डेटा म्हणतात. स्ट्रायकरसाठी हे बऱ्यापैकी चालतं, कारण त्याचं काम म्हणजेच घटना. डिफेंडरचं उलटं आहे. त्याचं सगळ्यात भारी काम म्हणजे घटना घडूच न देणं. तो दोन पावलं आधी सरकला, समोरच्याने पास द्यायचा विचार सोडला आणि चेंडू मागे खेळवला. नोंद काय झाली? समोरच्या टीमचा एक साधा बॅक पास. आपल्या डिफेंडरच्या नावावर शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या सर्व्हरवर कधी प्रॉब्लेमच येत नाही त्याच्या लॉगमध्ये बघण्यासारखं काही नसतं. तसंच काहीसं.

हा गोंधळ मोठ्यामोठ्यांचा झालाय. मँचेस्टर युनायटेडने २००१ मध्ये याप स्टामला लाझिओला विकलं. त्याचे टॅकल कमी झाल्याचं आकड्यांत दिसलं होतं, हा किस्सा 'सॉकरनॉमिक्स' या पुस्तकात आहे. कारणं आणखीही होती, त्याला आधी मोठी दुखापतही झाली होती. पण ते विकणं चूक होती हे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर स्वतः मान्य केलं.

शिवाय टॅकलचा आकडा टीमवरही ठरतो. चेंडू सतत आपल्याच टीमकडे असेल तर टॅकल करणार कुणाला? एक डिफेंडर मॅचला २ टॅकल करतो, पण समोरच्यांकडे चेंडू फक्त ३५ टक्के वेळ असतो. दुसरा ३ करतो आणि समोरच्यांकडे चेंडू ५५ टक्के वेळ. दोघांनाही ५० टक्क्यांवर आणलं तर पहिल्याचे होतात २.९ आणि दुसऱ्याचे २.७. फोनवर हे कुणी करून देत नाही.

क्लबांकडे याहून बरी गोष्ट असते, ट्रॅकिंग डेटा. स्टेडियममधले कॅमेरे २२ खेळाडूंची जागा सेकंदाला २५ वेळा टिपतात. ९० मिनिटांचे होतात ५,४०० सेकंद, म्हणजे एका मॅचमध्ये जवळपास ३० लाख नोंदी. आता चेंडू नसतानाही डिफेंडर कुठे होता, लाइन किती वर होती, जोडीदारापासून किती मीटर लांब होता, सगळं कळतं. स्किलकॉर्नरसारख्या कंपन्या तर नुसत्या टीव्हीच्या चित्रावरून हे काढतात, फ्रेमबाहेरच्या खेळाडूंची जागा अंदाजाने भरतात. पण नवख्या खेळाडूच्या बाबतीत गंमत अशी की तो बहुतेक मॅच खेळलेला असतो ज्युनियर स्पर्धांमध्ये, जिथे असले कॅमेरे फारसे नसतात. सगळ्यात जास्त डेटा हवा तिथेच सगळ्यात कमी डेटा.

मग बाजारात फोनवरचे उपाय येतात. एआयस्काउट नावाचं अ‍ॅप आहे, चेल्सी आणि बर्नली हे क्लब त्याच्याशी जोडलेले आहेत. मुलांनी फोन उभा करून ठरलेले ड्रिल करायचे, अ‍ॅप व्हिडिओवरून वेग, चपळाई, चेंडूवरचा ताबा मोजतं. कल्पना चांगली आहे, लांबच्या गावातल्या मुलालाही दार उघडतं. पण ड्रिलमध्ये समोर स्ट्रायकर नसतो. आता पुढे जायचं की मागे सरकायचं, हा निर्णय तिथे घ्यावाच लागत नाही, आणि सेंटर बॅकची अर्धी परीक्षा तीच आहे.

पोटेन्शियल नावाचा आकडा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. व्हर्जिल व्हॅन डाइकचे दिसले नव्हते. विलेम टूच्या अकादमीत असताना तो ब्रेडामधल्या एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा, उंची वाढली तीही उशिरा आणि एकदम. २०१० मध्ये तो ग्रोनिंगेनला गेला, मग सेल्टिक, मग साउदम्प्टन. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने ७ कोटी ५० लाख पाऊंड दिले तेव्हा तो जगातला सगळ्यात महागडा डिफेंडर ठरला. वय २६. त्याला १७ व्या वर्षी ड्रिलमध्ये मोजलं असतं तर काय आकडा आला असता, करा विचार.

गेममध्ये हे किती सोपं असतं! फुटबॉल मॅनेजरमध्ये प्रत्येक खेळाडूला २०० पैकी एक छुपा पोटेन्शियल आकडा दिलेला असतो, आणि तो जगभरातल्या रिसर्चरांनी मॅच बघून दिलेला असतो. म्हणजे तेही मतच. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. अगदी नवख्या मुलांना बऱ्याचदा ठरलेला आकडा न देता -९ किंवा -१० असा ऋण आकडा देतात. त्यामागे एक पट्टा असतो आणि नवा गेम सुरू केला की त्या पट्ट्यातला कुठलाही आकडा लागू होतो. एका सेव्हमध्ये पोरगा हिरो, दुसऱ्यात साधाच. याबाबतीत गेम अ‍ॅपपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

सलिबाचंच बघा. पैसे मोजल्यावर आर्सेनलने त्याला लगेच खेळवलं नाही. आधी सेंट-एतिएनलाच परत लोनवर ठेवलं, तिथे दुखापतींमुळे लीगच्या १२ मॅच. मग लंडनला आला तर २१ वर्षांखालच्या टीममध्ये. जानेवारी २०२१ मध्ये नीसला लोनवर, मग पूर्ण २०२१-२२ मार्सेलला. मार्सेलकडून लीगच्या ३६ मॅच खेळला आणि फ्रेंच लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. त्याच्यासाठी ती वर्षं सोपी नसणार. दोन कोटी सत्तर लाखांचा शिक्का कपाळावर आणि स्वतःच्या क्लबकडून खेळायला मिळत नाही. पण डेटाच्या नजरेने बघितलं तर सॅम्पल वाढत होतं. १६ चे साठच्या पुढे गेले, वेगवेगळ्या टीम, वेगवेगळे कोच, आणि तरी खेळ टिकून होता. ५ ऑगस्ट २०२२ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आर्सेनलकडून पहिली मॅच खेळला आणि सामनावीर ठरला.

आणि तरीही आकडा जपूनच वापरायचा. २०२२-२३ मध्ये सलिबा लीगच्या २७ मॅच खेळला, त्यात आर्सेनलने २५ गोल खाल्ले. मार्चमध्ये पाठीची दुखापत झाली आणि उरलेल्या ११ मॅचमध्ये १८ गोल खाल्ले. मॅचमागे ०.९३ वरून थेट १.६४! हा स्क्रीनशॉट तेव्हा मी स्वतः फॉरवर्ड केला होता, एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. पण थांबा. त्याच दिवशी, त्याच स्पोर्टिंगविरुद्धच्या मॅचमध्ये ताकेहिरो तोमियासूलाही दुखापत झाली होती, म्हणजे दोन डिफेंडर एकदम गेले. त्या ११ मॅचमध्ये मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल आणि न्यूकॅसलच्या मैदानांवरच्या मॅच होत्या. आणि ११ म्हणजे ११च. सलिबा नसल्याचा फटका बसला हे मला पटतं, पण किती बसला ते या दोन आकड्यांवरून निघत नाही.

मग नव्या डिफेंडरबद्दल मत बनवायचंच असेल तर? मी आता असं करतो. दहा मिनिटं चेंडूकडे बघतच नाही. एकच डिफेंडर धरायचा. चेंडू लांब असताना तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो? अंग तिरकं ठेवून उभा आहे की सरळ? जोडीदार पुढे गेला की हा लगेच मागची जागा भरतो का? आणि चूक झाल्यावर पुढच्या पाच मिनिटांत पास सोपे द्यायला लागतो की आधीसारखाच खेळतो? टीव्हीवर हे अवघड जातं, कॅमेरा चेंडूमागे पळतो. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर किंवा तुमच्या गावच्या मैदानावर कडेला उभं राहून जास्त नीट दिसतं.

सुरुवात करायची तर २६ ऑक्टोबर २०२४ ची रियल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना मॅच काढा. बार्सिलोना ४-० ने जिंकली. पाउ कुबार्सी तेव्हा १७ वर्षांचा होता, बार्सिलोनाकडून पहिली मॅच खेळून वर्षही झालं नव्हतं. रियलचे खेळाडू १२ वेळा ऑफसाइड सापडले, त्यात एकटा एम्बापे ८ वेळा. यातल्या एकाही वेळेची नोंद टॅकल म्हणून झालेली नाही. प्रत्येक वेळी एम्बापे धावायला लागतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि कुबार्सीचे पाय कुठल्या दिशेला वळलेत ते बघा.