पत्ता आहे, नाव नाही

मार्च २०२४. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड आपल्या डेबियन यंत्रावर वेगाच्या चाचण्या घेत होता. अशा वेळी यंत्र अगदी शांत हवं, म्हणून मागे काय काय चाललंय ते तो पाहू लागला. एसएसएचमधून चुकीच्या नावांनी लॉगिनचे प्रयत्न येत होते. ते ताबडतोब फसतही होते, पण तेवढ्यातच प्रोसेसरला भलताच घाम फुटत होता. पूर्वी ०.३ सेकंदात आटपणारं काम आता ०.८ सेकंद घेत होतं.

अर्ध्या सेकंदासाठी कोण उठून बसतं? हा बसला. त्यानं ‘पर्फ’ नावाचं अवजार लावलं. प्रोसेसर या क्षणी कुठल्या पत्त्यावरची सूचना चालवतोय याची पर्फ सारखी नोंद घेत राहतं आणि तो पत्ता कुठल्या फंक्शनात पडतो ते सांगतं. उत्तर आलं की वेळ लिबएलझेडएमए या लायब्ररीत जातोय. ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, तिचा लॉगिनशी संबंध काय? आणि तिच्यातल्या नेमक्या कुठल्या फंक्शनात? तिथे पर्फला नावच जोडता येईना. इथेच आपल्याला संशय आला, असं फ्रॉइंडनं नंतर सांगितलं. २९ मार्चला त्यानं जगाला कळवलं, की ही लायब्ररी ज्यातून येते त्या एक्सझेड प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे.

या प्रकरणातल्या हेरगिरीवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला अडकवून ठेवते ती ‘नाव सापडत नाही’ ही गोष्ट.

प्रोग्रॅमर कोड लिहितो तेव्हा प्रत्येक फंक्शनाला, प्रत्येक व्हेरिएबलला नाव देतो. प्रोसेसरला त्या नावांशी काही देणंघेणं नसतं. कंपायलर त्याच्यासाठी नुसत्या सूचना आणि पत्ते तयार करतो. म्हणजे वर्गात सगळ्या मुलांचे रोल नंबर तेवढे उरतात. सत्तावीस नंबर रडतोय हे कळतं, पण सत्तावीस म्हणजे कोण, हे हजेरीपट असेल तरच कळणार. हा हजेरीपट म्हणजेच डीबग माहिती. जीसीसी या कंपायलरला ‘जी’चा पर्याय दिला की तो हजेरीपट लिहून फाइलीतच जोडतो.

लिनक्सच्या दुनियेत तो ज्या पद्धतीनं लिहिला जातो तिचं नाव ड्वार्फ. चालणाऱ्या फाइलींच्या रचनेचं नाव आधीच एल्फ होतं, त्यामुळे तिच्या जोडीला पाश्चात्त्य परीकथांतला बुटका आणून बसवला. १९८०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या या पद्धतीची पाचवी आवृत्ती २०१७मध्ये आली. तिच्यात नुसती नावांची यादी नसते. अमुक पत्त्यावरची सूचना कुठल्या फाइलीच्या कितव्या ओळीतून आली, याचा तक्ता असतो. ओळी हजारो आणि पत्ते त्याहून जास्त, म्हणून तो तक्ता सरळ लिहीत नाहीत. ‘चार पत्ते पुढे सरक, दोन ओळी खाली उतर’ अशा चिमुकल्या हुकमांची एक माळ असते, आणि चुका शोधायचं अवजार, म्हणजे डीबगर, ती चालवून तक्ता पुन्हा उभा करतो. व्हेरिएबलचा मुक्काम तर बदलता. या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत तो अमुक रजिस्टरमध्ये, मग थोडा वेळ स्टॅकवर, आणि पुढे कुठेच नाही, कारण गरज संपल्यावर कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझेशननं त्याला उडवून लावलेलं असतं. हे सगळं लिहून ठेवायचं तर जागा लागतेच. हजेरीपट मूळ कोडच्या काही पट जाडजूड होणं ही नित्याची गोष्ट आहे.

म्हणून वितरणाच्या वेळी ‘स्ट्रिप’ ही आज्ञा फिरवतात आणि हजेरीपट फाडून टाकतात. शेअर्ड लायब्ररी असेल तर बाहेरच्या प्रोग्रॅमना हाक मारायला लागतात तेवढी नावं राहतात, आतली सगळी जातात. मग गंमत पाहा. ओपन सोर्स लायब्ररीचा कोड साऱ्या जगाला वाचायला खुला, पण तुमच्या यंत्रावर जी फाइल प्रत्यक्ष धावतेय ती मुकी. लायब्ररीत क्रॅश होतो आणि डीबगर हाकांची साखळी छापतो, तर तिच्यात नावांच्या जागी एकाखाली एक प्रश्नचिन्हं. ती तशीच लायब्ररीच्या कर्त्याकडे पाठवली जातात. तो बिचारा बहुधा नोकरी सांभाळून फावल्या वेळात हे काम करणारा. पत्ते आहेत, नावं नाहीत. तो काय करणार?

‘डीबग माहिती घातली की प्रोग्रॅम मंदावतो’ असं आपल्याकडे अनेक अनुभवी मंडळीही छातीठोकपणे सांगतात. ही गफलत आहे. मंदावतो तो ऑप्टिमायझेशन बंद केल्यानं. ते एक वेगळंच बटण आहे, सवयीनं दोन्ही एकत्र दाबली जातात इतकंच. हजेरीपट चालू ठेवला म्हणून सूचना बदलू नयेत हे जीसीसीचं धोरण आहे, आणि प्रोग्रॅम सुरू होताना ते पानभर तपशील मेमरीत चढवलेही जात नाहीत. ते डिस्कवर पडून राहतात. खर्च होतो तो डिस्कचा आणि डाउनलोडचा. तो खोटा नाही, लहान यंत्रांवर तर चांगलाच बोचतो.

तोड अशी निघाली, की हजेरीपट फाडायचा पण फेकायचा नाही, वेगळ्या कपाटात ठेवायचा. डेबियन ९पासून, म्हणजे २०१७पासून, पॅकेज बांधतानाच त्याचं जोडीदार डीबग पॅकेज आपोआप तयार होतं. ज्याला हवं त्यानं ते उतरवून घ्यावं. पण वेगळं ठेवलं की नवा घोळ. मागच्या वर्षीचा हजेरीपट यंदाच्या वर्गात उघडला तर? सत्तावीस नंबरला नाव मिळेल, अगदी ठसठशीत मिळेल, आणि चुकीचं असेल. प्रश्नचिन्ह परवडलं, कारण ते निदान आपलं अज्ञान कबूल करतं. यावर उपाय म्हणजे बिल्ड आयडी, चालणाऱ्या फाइलीत आणि तिच्या हजेरीपटात सारखाच उमटवलेला शिक्का, सहसा वीस बाइटचा. तो जुळला तरच डीबगर विश्वास ठेवतो.

घोळ आणखीही आहेत. कोड कुठल्या फोल्डरमध्ये बांधला तो पूर्ण मार्ग डीबग माहितीत उमटतो. दोघांनी तोच कोड आपापल्या घरी बांधला तर केवळ त्या मार्गामुळे फाइली वेगळ्या निघतात. एक्सझेडनंतर तर ‘छापलेल्या कोडमधून हीच फाइल निघते का’ हे पडताळणं फारच मोलाचं झालं आहे. हा मार्ग बदलून लिहिण्याची सोय कंपायलरमध्ये आहे, पण ती वापरायची आठवण हवी.

आता वळू त्या बिननावी वेळेकडे. चोरदरवाजाचा ऐवज एक्सझेडच्या कोडमध्ये कुणी वाचेल असा लिहिलेला नव्हता. चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या दाबलेल्या फाइलींत तो दडवला होता, आणि लायब्ररी बांधली जात असताना तिथून तयार ऑब्जेक्ट फाइल काढून गुपचूप जोडली जात होती. कंपायलरनं ती घडवलीच नव्हती, मग तिच्यासाठी तो फाइल कुठली आणि ओळ कुठली लिहिणार? सगळा वर्गच बिननावाचा असता, तर एक अनोळखी पोरगं मागच्या बाकावर बसलेलं कुणाच्या डोळ्यांत आलं असतं का, हा प्रश्न मी स्ट्रिपच्या भक्तांना आवर्जून विचारतो.

२०१९मध्ये एल्फयुटिल्स या प्रकल्पानं डीबगइन्फोडी हा सर्व्हर आणला आणि कपाटापर्यंत चालत जाण्याचेही कष्ट वाचवले. डीबगर त्याला बिल्ड आयडी कळवतो, सर्व्हर नेमका तेवढाच हजेरीपट पाठवतो, शिवाय मूळ कोडची पानंही. जीडीबी या डीबगरच्या अलीकडच्या आवृत्तीला असा सर्व्हर कुठे आहे ते ठाऊक असेल, तर ते आधी विचारतं, की या सत्रापुरतं डीबगइन्फोडी वापरू का? हो की नाही? काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं. मी स्वतः कितीदा तसं एंटर दाबून पुढे गेलोय, आणि मग अर्धा तास त्या प्रश्नचिन्हांकडे बघत बसलोय.