पाखराचा फोटो काढा, पण बांधावरून

आळंदीच्या शिवारात हल्ली तरुण पोरे पाखरांचे फोटो काढताना दिसतात. छंद चांगला आहे. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावी हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिथले मच्छीमार फोटो काढणाऱ्यांना नावेतून फिरवून चार पैसे मिळवतात.

पण गेल्या उन्हाळ्यात एका नांगरटीच्या रानात पाहिले ते सांगतो. टिटवी काड्यांचे घरटे करीत नाही, ढेकळांत खळगा करून त्यातच अंडी घालते. चार अंडी होती. एक मुलगा कॅमेरा घेऊन अगदी जवळ बसलेला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि अंडी भर उन्हात उघडी! अशाने आतला जीव भाजून मरतो. रानमालकाने पोराला हाताला धरून बांधावर आणले. थोड्या वेळाने टिटवी येऊन अंड्यांवर बसली. फोटोही तेव्हाच चांगला निघाला.

तेव्हा घरट्यापासून लांब राहा. आडव्या येणाऱ्या फांद्या तोडू नका. अंडी-पिल्ले उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सकाळचे ऊन पाठीशी घेऊन गप्प बसा. हरभऱ्यात एकरी २० पक्षिथांबे रोवा. त्यांवर कोतवाल, साळुंकी बसतील, घाटेअळी टिपतील. पिकाची राखण होईल आणि पोरांना फोटोही घरच्या रानातच मिळेल.